विमान आपले, इंजिन परक्यांचे

डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये बंगळूरच्या आकाशात झेपावले, तेव्हा त्याचे इंजिन ब्रिटिश होते. २०२१ मध्ये ‘एनएएल’च्या ‘हंसा-एनजी’ने पहिले उड्डाण केले, तेव्हा त्याचे इंजिन ऑस्ट्रियाचे होते. सत्तर वर्षांत धातूच्या सांगाड्याची जागा संमिश्र द्रव्याने घेतली; इंजिनाची परावलंबी स्थिती मात्र तशीच राहिली.

हवेने थंड होणारे छोटे पिस्टन इंजिन विद्यार्थ्यांना जुनाट वाटते. ‘सेसना-१७२’मधील लायकॉमिंग इंजिन सुमारे ५.९ लिटरचे, पण शक्ती अवघी १८० अश्वशक्ती! मोटारीचे एवढे इंजिन याच्या दुप्पट शक्ती सहज देते. परंतु हा मंदपणा हेतुपुरस्सर आहे. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर बसतो. १.९ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७० मीटर असतो. तो आणखी वाढवला, तर टोक ध्वनिवेगाजवळ जाऊन कार्यक्षमता घसरते. गिअर नाही, रेडिएटर नाही. म्हणजे बिघडण्याजोग्या गोष्टीही कमी. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असल्याने बॅटरी संपली तरी ठिणगी पडतेच.

यात गुपित काहीच नाही. अवघड आहे ती विश्वासार्हता. सिलिंडरच्या पातळ फिन्समधून उष्णता समप्रमाणात बाहेर पडावी, व्हॉल्व्ह जळू नयेत, यासाठी उत्तम ओतकाम, योग्य मिश्रधातू आणि चिवट चाचण्या लागतात. अमेरिकी नियमावली प्रमाणपत्रासाठी १५० तासांची सहनक्षमता चाचणी मागते. ओव्हरहॉलविना २,००० तास चालण्याची खात्री मात्र दीर्घ अनुभवातूनच येते.

बाजारपेठ लहान आहे, तेव्हा इंजिन विकत घेणेच शहाणपणाचे, असे म्हटले जाते. केवळ हिशेबापुरते ते खरेही आहे. परंतु ‘कावेरी’ जेट इंजिन अपेक्षेनुसार न साधल्याने ‘तेजस’ला अमेरिकी इंजिन बसवावे लागले, हा इतिहास विसरता येणार नाही. ओतकाम, मिश्रधातू आणि चाचणीची शिस्त अंगी बाणवायची, तर सुरुवात अपयश परवडेल अशा आकारापासून व्हायला हवी. शंभर अश्वशक्तीचे एक देशी इंजिन, त्यासाठी चाचणीमंच आणि किमान दहा वर्षांचा अखंड निधी, एवढी मागणी अवास्तव नाही. जमिनीवर हजारो तास चालताना ते अनेकदा मोडेल. त्या प्रत्येक मोडतोडीची नोंद विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवावी. पुढच्या पिढीचे इंजिन-अभियंते त्यातूनच घडतील.