'समजले का?' हा प्रश्न

कविता शिकवून झाली की वर्गाला 'समजले का?' असे विचारण्याची मला जुनी सवय आहे. उत्तर ठरलेले असते. माना डोलतात, वह्या मिटतात. पुढे तीच कविता माझीच वाक्ये आणि माझ्याच चुका घेऊन उत्तरपत्रिकांतून परत येते. अपठित कविता विचारली की मात्र पान कोरे राहते. मुले वाचत नाहीत, असे म्हणून मी बरीच वर्षे स्वतःची समजूत काढली.

ती समजूत सातवीतल्या माझ्या मुलीने मोडली. इतिहासाचा धडा तिने तीनदा वाचला होता. अर्धे पान हायलायटरने पिवळे झाले होते. पुस्तक मिटून 'आता सांग' म्हटले, तर दोन वाक्यांतच ती अडली आणि स्वतःच चकित झाली. ती खोटे बोलत नव्हती. ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असे तिला मनापासून वाटत होते.

हा भ्रम तिच्या एकटीचा नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या स्मरणाची अधिक खात्री होती. आठवड्यानंतर मात्र, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनाच अधिक आठवले. स्वतःच्या विचारावर असे लक्ष ठेवण्याला जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात 'मेटाकॉग्निशन' हे नाव दिले. नाव नवे असले तरी श्रवणानंतर मनन हवे, हे आपली परंपरा केव्हापासून सांगत आली आहे. आपल्या वर्गांत मात्र श्रवणानंतर थेट परीक्षा येते.

यावर 'अभ्यासकौशल्यां'ची एखादी कार्यशाळा घ्यावी, असा उपाय हल्ली सुचवला जातो. मला तो पटत नाही. आपण कुठे अडलो हे ओळखणे आणि ते शब्दांत मांडणे, हे भाषेच्या तासाचेच काम आहे. पॅलिन्क्सार आणि ब्राऊन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातवीतली, अक्षरे नीट वाचणारी पण अर्थ न लागणारी मुले होती. आळीपाळीने शिक्षक होऊन ती चार गोष्टी करीत: सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, न कळलेले उलगडणे आणि पुढचा अंदाज बांधणे. आधी शिक्षक हे मोठ्याने करून दाखवी, मग हळूहळू मागे सरे. मुलांचे आकलन स्पष्टपणे सुधारले.

अशाने अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण खरी अडचण, मला वाटते, वेगळी आहे. मुलांसमोर असे वाचायचे, तर आपल्यालाही अडावे लागते आणि 'ही ओळ मला लागत नाही' असे वर्गात कबूल करावे लागते. तयार रसग्रहण सांगण्यात ती जोखीम नसते.

गेल्या वर्षापासून मी 'कुठे अडलात?' असे विचारू लागलो. काही आठवडे वर्ग गप्पच होता. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, दुसऱ्या कडव्यातला 'तो' कोण, तेच कळत नाही." ती कविता मी कितीतरी वर्षे शिकवत आलो होतो. तो कोण, हे मलाही सांगता आले नाही. त्या दिवशी आम्ही पुढचे कडवे घेतलेच नाही.