नावापुरते आर्किटेक्ट

आर्किटेक्टांच्या अधिवेशनात घर हा विषय सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते. मी पहिल्यांदाच गेले होते, त्यामुळे हे मत उतावळं आहे असं कुणीही म्हणू शकेल. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला एक फायदा असतो. जुन्या मंडळींना ज्याची सवय झालेली असते, ते त्याला दिसतं.

दोन दिवसांत सभागृह खऱ्या अर्थाने पेटलं ते एकदाच. विषय होता आपल्या व्यवसायाचं संरक्षण. १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टच्या कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की या कलमाने राखून ठेवलंय ते नाव, काम नव्हे. म्हणजे इमारतीचा आराखडा कुणीही करावा, फक्त स्वतःच्या नावामागे ती उपाधी लावू नये. यावर संताप होता. ‘मग आम्ही पाच वर्षं शिकलो कशाला?’ असं एका ज्येष्ठांनी विचारलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या वाजल्या, पण उत्तर कुणी दिलं नाही. मला मात्र तो प्रश्न उत्तर मागणारा वाटतो. कायदा फक्त नाव राखत असेल, तर त्या नावाला काय अर्थ आहे ते लोकांना आपणच दाखवून द्यायला हवं. ते आपण कुठे दाखवतो?

गोवंडी-मानखुर्दचं उदाहरण घ्या. प्रकल्पग्रस्तांसाठी तिथे नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहती उभ्या राहिल्या. २२५ चौरस फुटांची घरं आणि एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या इमारती. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवे लावावे लागतात. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या अभ्यासात या वसाहतींमधल्या क्षयरोगाचा संबंध थेट इमारतींच्या रचनेशी जोडला होता. ऊन नाही, वारा नाही, आणि खालच्या मजल्यांवर आजार जास्त. खिडकी कुठे असावी आणि दोन भिंतींत किती अंतर असावं, हा पहिल्या वर्षाचा धडा. तो न पाळल्याची किंमत इथे माणसांच्या फुप्फुसांनी मोजली. आणि हे डॉक्टरांनी सांगितलं, आपण नाही.

यावर ठरलेलं उत्तर मला जेवणाच्या रांगेतच मिळालं. ‘ते बिल्डर आणि सरकार ठरवतं हो. आपण नियमात बसवून देतो.’ हे खरं आहे, म्हणूनच ते जास्त त्रासदायक आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांमध्ये मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या जातात आणि नकाशा त्या सवलतींवर बेतलेला असतो. मी स्वतः नकाशे मंजुरीसाठी घेऊन फिरते. फीचा एक हप्ता मंजुरीवर अडकलेला असताना ‘हे घर अंधारं होतंय’ असं म्हणणं किती जड जातं, ते मला कळतं. एकटा आर्किटेक्ट हे म्हणू शकत नाही. पण एकट्याला जे म्हणता येत नाही ते म्हणण्यासाठीच तर संघटना आणि अधिवेशनं असतात ना? हजारभर लोक एका छताखाली जमले होते. दोन इमारतींमधल्या अंतरावर एक ठराव झाला असता, तर तो हजार जणांचा झाला असता. ठराव झाला तो आभाराचा.

सादरीकरणांमध्ये दिसले ते बंगले, रिसॉर्ट, एखादं संग्रहालय. फोटो देखणे, पहाटेच्या उजेडात काढलेले. त्यांत माणूस नाही, दोरीवर कपडे नाहीत, पाण्याचं पिंप नाही. ताबा देण्याच्या आदल्या दिवशीची इमारत. तिचं पुढे काय झालं, दहा पावसाळ्यांनी भिंतीला काय केलं, राहणाऱ्यांनी कोणती बाल्कनी बंद करून घेतली, हे एकानेही सांगितलं नाही.

एका वक्त्याने चार्ल्स कोरियांच्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजच्या स्लाइड्स दाखवल्या, त्याही ऐंशीच्या दशकातल्या. आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण आणि त्याभोवती सात घरं. शेवटी वक्ते हळहळले, की रहिवाशांनी मूळ घरं पाडून मनाला येईल तसं बांधलं, सगळं बिघडवलं. मला तर उलटंच वाटतं. कोरियांनी शेजारच्या घराशी भिंत सामायिक ठेवली नाही ती एवढ्यासाठीच, की प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे आपलं घर वाढवता यावं. घरं बदलली, पण अंगणं राहिली. आराखडा चाळीस वर्षांनीही काम करतोय याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? पण ते बघायला बेलापूरला जावं लागतं. आपण स्लाइडवर भागवतो.

सभागृहाबाहेर स्टॉल होते. काचेचे, टाइल्सचे, नळांचे. पर्यावरणावरच्या सत्रामागे झळकणारी पाटी काचेच्या कंपनीची होती. पश्चिमेच्या उन्हाला अख्खी काच लावून ती थंड करायला एसी बसवायचा, या रिवाजाविरुद्ध त्या मंचावरून कोण बोलणार? आचरणाचे १९८९चे नियम आर्किटेक्टला स्वतःची जाहिरात करू देत नाहीत. दोन दिवस दुसऱ्याच्या जाहिरातीचं पार्श्वचित्र होऊन बसायला मात्र कुणाची हरकत दिसली नाही.

अधिवेशनं बंद करा असं मला म्हणायचं नाही. गावोगावी एकेकट्याने काम करणाऱ्यांना भेटायला अशी जागा हवीच. मागणं साधं आहे. एक सत्र असं ठेवा, जिथे आर्किटेक्ट आपली दहा वर्षांपूर्वीची इमारत दाखवेल आणि शेजारी तिथे राहणारी बाई बसलेली असेल. आधी ती बोलेल. एक सत्र पुनर्वसनाच्या इमारतींवर ठेवा, त्यांच्या नकाशांवर सह्या केलेल्यांना बोलवा. जाब विचारायला नको, पण नियम कुठे वाकवले जातात आणि कोण वाकवतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि त्या दोन सत्रांना प्रायोजक घेऊ नका. खर्च आम्ही वर्गणीतून देऊ.

न्यायालयाने नाव आपल्याकडे ठेवलंय, काम सगळ्यांसाठी मोकळं केलंय. आता लोक दोन नकाशे शेजारी ठेवून बघतील, एक आपला आणि एक नोंदणी नसलेल्याचा. खालच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागत असेल, तर सही कुणाची आहे याने तिथे राहणाऱ्याला काय फरक पडतो?