दरेकसा : दप्तरातला आणि दप्तराबाहेरचा
या आठवड्यात सालेकसा तालुक्यातील दरेकसा या डोंगरगावचा एक जीर्ण दाखला पाहण्यात आला. घडीवर फाटलेला, शाई तांबूस पडलेला, आणि वर ठळक अक्षरांत ‘जिल्हा भंडारा’. गाव तसूभरही हलले नाही. पण जे मध्यप्रांतात एका गोंड जमीनदारीचे ठाणे होते, ते स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात गेले, १९५६ साली मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात सामील झाले आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात दाखल झाले. जमीनदारी १९५१ साली खालसा झाली. त्याच्या कितीतरी आधी नागपूरहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या लोहमार्गाने इथला डोंगर पोखरला होता. दप्तर एवढेच सांगते आणि थांबते. परंतु जवळच्याच कचारगडच्या प्रचंड गुहेत, जिच्या छतातील विवरातून सूर्यप्रकाश थेट आत उतरतो, गोंड समाजाने जतन केलेला इतिहास याहून फार पुरातन आहे: तेथे कोंडलेल्या बालकांना धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि मातृदेवता जंगो रायताड यांनी मुक्त केले, आणि द्वारावरची शिळा ढळताना वादक हीरासुका पाटालीर तिच्याखाली प्राणास मुकला, ही स्मृती उराशी बाळगून माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतून लक्षावधी माणसे गुहेच्या पायथ्याच्या धनेगावी लोटतात. माझ्या मते गावाचा खरा इतिहास हाच, आणि जमाबंदीचे कागद ही त्याची केवळ पुरवणी. वाचकहो, तुमच्या गावात गोंडी गाणारा वृद्ध असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि तो सांगेल ते आजच लिहून घ्या.