हप्ता उतरला, पण कुठून?

गाडीच्या विम्याचा हप्ता वाढल्याची तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते, आणि ती खोटी नाही. आजच्या गाडीच्या बंपरमध्ये सेन्सर असतात, आरशात कॅमेरा असतो, हेडलाइट फुटला तर नुसता दिवा नव्हे, आख्खं युनिट बदलावं लागतं. गॅरेजचं बिल फुगलं की कंपनी ते हप्त्यातून वसूल करणारच. त्यावर ‘चार ठिकाणी विचारून बघा’ हा सल्ला मिळतो आणि तो योग्यही आहे. पंचाईत अशी की चारही ठिकाणी आपण फक्त शेवटचा आकडा विचारतो. एकाने बारा हजार सांगितले आणि दुसऱ्याने नऊ, की सौदा पक्का. मधले तीन हजार कुठून उतरले हे कुणी बघत नाही. पुष्कळदा तो विमा स्वस्त झालेला नसतो, आतून कापलेला असतो.

कापणं कुठे शक्य आहे हे कळायला कोटचा, म्हणजे कंपनीच्या दरपत्रकाचा, कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचावा. त्यात थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, भाग असतो. तो १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार दंड. या भागाचे दर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२पासून लागू झालेले खाजगी गाडीचे दर असे: हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, पंधराशे सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. इथे घासाघीस होत नाही. ‘आमच्याकडे थर्ड पार्टीही स्वस्त’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. बनावट पॉलिसीचा धंदा अशाच भाबडेपणावर चालतो. बिलावरचा १८ टक्के जीएसटीही सगळीकडे तोच. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा कर शून्यावर आला, मोटार विम्याच्या वाट्याला ती सूट आली नाही. उरतो तो ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग. त्याचे दर २००७ साली मोकळे झाले, त्यामुळे कंपन्यांची खरी चढाओढ इथेच चालते आणि कात्रीही इथेच फिरते.

सर्वात सोपी कात्री म्हणजे आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पुरती निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल, ती ही. उत्पादकाच्या किमतीतून वयानुसार घट वजा होते; तीन वर्षं उलटून चौथं चालू असेल तर चाळीस टक्के. म्हणजे दहा लाखांच्या गाडीचा आयडीव्ही सहा लाख. ऑनलाइन कोट काढताना हा आकडा काही मर्यादेत खाली-वर करता येतो, आणि स्वस्त दिसायचं असेल तर तो खाली ओढलेलाच समोर येतो. तो ४ लाख ८० हजारांवर आणला असं समजा. ओन डॅमेजचा दर दोन टक्के आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, ३५ टक्के धरला, तर जीएसटीसकट वाचतात साधारण अठराशे चाळीस रुपये. त्या बदल्यात गाडी चोरीला गेली तर एक लाख वीस हजार कमी हाती येतात. चोरी काय रोज होते का, असं कुणी म्हणेल. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. सहा लाखांच्या आयडीव्हीवर चार लाखांचं बिल असेल तर गाडी दुरुस्त होऊन परत येते. आयडीव्ही ४ लाख ८० हजार असेल तर ही मर्यादा ३ लाख ६० हजारांवर येते, आणि तेच चार लाखांचं बिल गाडी आपल्या हातून काढून घेतं. अठराशे रुपयांत हा धोका महागात पडतो, असं माझं मत आहे.

दुसरी कात्री ॲड-ऑनवर, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायच्या संरक्षणावर चालते. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरी यांच्या किमतीतले निम्मे पैसे मालकाने भरायचे असतात. आजच्या गाडीत आधी फुटतं ते प्लॅस्टिकच, त्यामुळे हा वाटा माफ करणारं ‘झिरो डेप’ काढून टाकलेला कोट स्वस्त दिसणार यात नवल नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाने मात्र इंजिन प्रोटेक्ट या ॲड-ऑनकडे जास्त बारकाईने बघावं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हापासून पुराचं पाणी गाडीत शिरणं ही आपल्या शहरांत ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. पूर साध्या पॉलिसीतही येतो. सीट भिजली, वायरिंग गेलं, तर भरपाई मिळते. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चालकाने पुन्हा चावी फिरवून सुरू करायचा प्रयत्न केला, की हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. हे नुकसान पुराने नव्हे, तुमच्या कृतीमुळे झालं असं कंपनी म्हणते, आणि साध्या पॉलिसीच्या अटी तिच्या बाजूने असतात. सोसायटीचं पार्किंग तळघरात असेल किंवा रोजचा रस्ता सखल भागातून जात असेल, तर इंजिन प्रोटेक्टची ओळ कोटमध्ये आहे का ते आधी बघावं, रक्कम नंतर.

तिसरी कात्री आपणच चालवतो. फॉर्मवर ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला का’ असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहिलं की बोनस मिळतो आणि हप्ता झटक्यात खाली येतो. पण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करू शकते, आणि ही खोटी ‘नाही’ नेमकी क्लेमच्या वेळी बाहेर येते. बाहेरून बसवलेला सीएनजी किट न कळवणं, खाजगी पॉलिसीवर भाड्याने प्रवासी नेणं, हेही त्याच जातीचं. असा विमा सगळ्यात स्वस्त असतो, कारण वेळेला तो नसतोच.

म्हणजे हप्ता कमी करायचाच नाही का? करायचा, पण जिथे आपलं काही जात नाही तिथून. पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर मोटार पॉलिसीतला तो भाग पुन्हा घ्यावा लागत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी निघणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी किलोमीटरवर आधारलेला विमा २०२२पासून मिळतो. बचतीची सर्वात मोठी जागा मात्र नो क्लेम बोनस आहे. तो वीस टक्क्यांपासून चढत पन्नासवर जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. मूळ ओन डॅमेज हप्ता दरवर्षी बारा हजार आहे असं समजू. पन्नास टक्के बोनस असणारा सहा हजार भरतो. त्याने एक क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी तो सहा हजार जास्त भरेल, नंतर ३,६००, मग ३,०००, १,८०० आणि शेवटी ६००. एकूण पंधरा हजार. आयडीव्ही घटत जातो तसा मूळ हप्ताही घटेल, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी धरा. तरीही आठ हजारांच्या पोचा-ओरखड्यासाठी क्लेम घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. जो किरकोळ दुरुस्ती खिशातून करणारच आहे, त्याने ऐच्छिक वजावट, म्हणजे क्लेममधला स्वतः सोसायचा वाटा, वाढवून घ्यावी. त्याचा हप्ता उतरतो आणि मोठ्या संकटातलं संरक्षण जवळपास तेवढंच राहतं.

यावर जुन्या मंडळींचा आक्षेप असतो की इतकी वर्षं एकाच कंपनीत आहोत, क्लेमच्या वेळी ती ओळख ठेवेल. तशी सोय कुठल्याही पॉलिसीत लिहिलेली नसते, आणि बोनस गाडीला किंवा कंपनीला नाही, मालकाला चिकटलेला असतो. कंपनी बदलली तरी तो बरोबर येतो. निष्ठेची किंमत काय होते हे ब्रिटनमध्ये मोजलं गेलं. तिथल्या वित्तीय नियामकाला असं आढळलं की मोटार आणि घराच्या विम्यात दरवर्षी निमूट नूतनीकरण करणाऱ्यांकडून कंपन्या नव्या ग्राहकांपेक्षा जास्त रक्कम घेत होत्या. १ जानेवारी २०२२पासून तिथे ही प्रथा बंद करण्यात आली. आपल्याकडची आकडेवारी वेगळी असेल, पण न हलणाऱ्या ग्राहकाला सूट देण्याची घाई कुठल्याच दुकानदाराला नसते.

डीलरचा मुद्दा थोडा वेगळा आहे. ‘आमच्याकडून पॉलिसी घेतली तरच कॅशलेस’ असं शोरूममध्ये सुचवलं जातं. कॅशलेस मिळणं हे ते गॅरेज त्या कंपनीच्या यादीत आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्तीही नियमांत बसत नाही. एजंटची बाजू मात्र मला मान्य आहे. अपघातानंतर गॅरेजमध्ये येऊन उभा राहणारा, सर्व्हेअरशी बोलणारा माणूस चार-पाचशे रुपये जास्त देऊनही परवडतो. फक्त त्याच्याकडे ‘कमिशनमधलं काही सोड’ म्हणून मागू नये. विमा कायद्याने ते दोघांनाही वर्ज्य आहे.

जुनी गाडी असेल तर आणखी एक हिशेब आहे. बारा-चौदा वर्षांच्या गाडीचा आयडीव्ही लाखाच्या आत आला असेल आणि ती गेली तर मालकाचं घरचं गणित बिघडणार नसेल, तर नुसता थर्ड पार्टी विमा घेण्यात काही चूक नाही. ज्याचा धंदाच त्या गाडीवर चालतो त्याने तसं करू नये. काहीही ठरवलं तरी शोध मुदत संपायच्या महिनाभर आधी सुरू करावा. पॉलिसी तुटली की नवी कंपनी आधी गाडीची तपासणी मागते, आणि नव्वद दिवस उलटले की जमवलेला बोनस जातो. मग कितीही कोट काढले तरी ते पूर्वीच्या हप्त्याच्या वरच येतात.