एकटा आमदार आणि २९ जागा
वारंगा फाट्यावर हिंगोली, नांदेड, हदगावचे रस्ते एकत्र येतात. आपले गट मात्र येत नाहीत. १९५२ साली ३१५ सदस्यांच्या मुंबई विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा एकच आमदार होता : अ‍ॅड. बी. सी. कांबळे. १९५७ आणि १९७७ मध्ये ते लोकसभेवरही निवडून गेले. एकटे होते, पण बाबासाहेबांच्या पक्षाचे होते. आज २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथले आमदार कोणाच्या व्हिपवर हात वर करतात? मात्र रिपब्लिकन पक्षातील दुरुस्त-नादुरुस्त वादात एका गटाचे नेते कांबळेच होते, हेही विसरता येणार नाही. बांधवांनो, त्यांचा कायद्याचा अभ्यास घ्या, गटबाजी नको! जयभीम.