हुमणीचा पाहुणा

वळवाचा पहिला पाऊस पडला की खारघरला आमच्या गच्चीतल्या दिव्यावर तपकिरी भुंगेरे येऊन आपटतात. शेजारी त्यांना केरसुणीने लोटून देतात. मी मूळचा कृष्णाकाठचा. ते त्याच जातीचे असोत वा नसोत, मला त्यांत उसाची मुळे दिसतात. गावाकडे हे भुंगेरे रात्री कडुनिंबाचा नि बाभळीचा पाला खातात, पहाटे जमिनीत शिरून अंडी घालतात. त्यांतून निघते ती हुमणी. पांढरी, लठ्ठ, अंगाची कमान केलेली. ती मुळे कुरतडते. मग ऊस पिवळा पडतो आणि नुसता ओढला तरी हातात येतो.

यंदा कुणीतरी माझ्या चुलतभावाला सांगितले, सूत्रकृमी सोडा. भाऊ उखडला. मला फोन : "दादा, डाळिंबाच्या मुळांना गाठी आणतो तोच ना हा? तो मी पैसे देऊन रानात सोडू?"

त्याची शंका रास्तच होती. आपल्या भाषेने चोराला नि शिपायाला एकच आडनाव दिले आहे! हा शिपाई म्हणजे 'हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका'. कोइमतूरकडच्या उसातल्या शेंडेकिडीत तो सापडला आणि १९९२ साली त्याचे बारसे झाले. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मुळांना तो तोंड लावीत नाही. अळीच्या श्वासाचा माग काढीत जातो, तिच्या अंगात शिरतो आणि आपल्या पोटात बाळगलेले जिवाणू तिथे सोडतो. एकदोन दिवसांत अळी मरते. ती कुजत नाही, विटेसारखी लाल होते. काळोखात मंद उजळतेही म्हणतात. तिच्यावर याच्या दोनतीन पिढ्या पोसतात आणि नवी फौज मातीत उतरते.

युरोपातल्या अरण्यांत झाडांच्या साली पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अंगातही सूत्रकृमी नांदतात. पण त्यांतले पुष्कळसे जुन्या भाडेकरूंसारखे : मालकाला मारीत नाहीत, त्याची वीण मात्र कमी करतात. आमच्या भावाला एवढा धीर कुठला?

या शिपायाला ऊन सोसत नाही, कोरडी माती चालत नाही. तेव्हा पाणी देऊन, दिवस कलल्यावर, एका एकरात सोडायचे ठरले. उरलेल्या दोन एकरांत नेहमीचे औषध. पंधरवड्याने भावाने सरी उकरली. पुन्हा फोन :

"दादा, चार लाल सापडल्या. पण तीन पांढऱ्या वळवळताहेत. त्यांचं काय?"