मनगटावरची बंद पेटी

आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या स्वस्त स्मार्टवॉचच्या खोक्यावर शंभर क्रीडाप्रकार, रक्तातील प्राणवायू, झोपेची प्रत आणि मनावरील ताण असे सारे काही ठळक अक्षरांत छापलेले असते. मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम या घड्याळावर चालेल काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र खोक्यावर कोठेही आढळत नाही. बहुतेक वेळा ते उत्तर नकारार्थी असते. २०२२ च्या तिसऱ्या तिमाहीत काउंटरपॉइंट या संस्थेच्या गणनेनुसार भारताने उत्तर अमेरिकेस मागे टाकून जगातील सर्वांत मोठी स्मार्टवॉच बाजारपेठ होण्याचा मान मिळवला. त्या बातमीचे तेव्हा मलाही कौतुक वाटले होते. आज ते वाटत नाही. कारण ती घड्याळे बहुतांशी अशी होती की, ज्यांवर कारखान्यात जे भरले तेच आयुष्यभर चालावे.

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनी माझ्याकडे एक साधा प्रकल्प घेऊन आल्या. जिना चढून गेल्यावर नाडी पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो, आणि तो आलेख घातांकी असतो का, हे त्यांना तपासायचे होते. हाताशी एका देशी कंपनीचे घड्याळ होते. त्याच्या ॲपमध्ये काही मिनिटांच्या अंतराने एक आकडा आणि त्याभोवती एक सुबक रंगीत वर्तुळ दिसे. नोंदी बाहेर काढण्याची सोय नव्हती, दुसरे ॲप चढवण्याची तर नव्हतीच. कंपनीला पत्र पाठवले. 'अशी सुविधा उपलब्ध नाही' एवढेच उत्तर आले. वैतागून एकीने ते घड्याळ ओल्या टॉवेलच्या गुंडाळीला बांधले. घड्याळाने टॉवेलची नाडी ७८ सांगितली.

यात चमत्कार काही नाही. घड्याळाच्या पाठीचा हिरवा दिवा पृष्ठभागावर पडतो, परावर्तित प्रकाशातील बारीक चढउतार संवेदक मोजतो, आणि आतील गणित मानवी नाडीला साजेशा वारंवारतांचा पट्टा गाळून त्यातील सर्वांत ठळक शिखर निवडते. नाडी नसली तरी गोंगाटातही एखादे शिखर सापडतेच. मूळ संकेत पाहता आला असता तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही ही फसगत क्षणात ओळखली असती. पण तो संकेत मनगटावरून पुढे कधी येतच नाही.

येथे काही वाचक म्हणतील की महागडी घड्याळे घ्यावीत, त्यांच्यावर हजारो ॲप चालतात. चालतात, हे खरे. परंतु 'ॲप चालतात' या दोन शब्दांत फार मोठा फरक लपलेला असतो. ॲपल वॉचवर त्रयस्थांना हालचालींचे क्षणोक्षणीचे आकडे मिळतात, ईसीजीची तीस सेकंदांची नोंदही बाहेर काढता येते. पण प्रकाशीय संवेदकाचा कच्चा संकेत केवळ ॲपलने मंजूर केलेल्या संशोधन-प्रकल्पांसाठी राखीव आहे, आणि ॲप प्रकाशित करायचे तर आयफोन, मॅक व वर्षाला ९९ डॉलर एवढी तयारी लागते. २०२१ साली टायझेन सोडून वेअर ओएसकडे आलेले सॅमसंग हा कच्चा संकेत देते, परंतु त्यावर आधारलेले ॲप लोकांपर्यंत न्यायचे असल्यास कंपनीची मान्यता घ्यावी लागते. मला या मंडळीत गार्मिन सर्वांत प्रामाणिक वाटते. मंकी सी नावाची तिची भाषा विचित्र आहे, स्मृतीची मर्यादा जाचक आहे, पण हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर ती कोणाही प्रोग्रॅमरच्या हाती देते. माझ्या विद्यार्थिनींना नेमके तेवढेच हवे होते.

शिवाय दिलेली मुभा परतही घेतली जाते. फिटबिटच्या आधीच्या घड्याळांवर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली ॲप चालत. २०२२ मध्ये आलेल्या सेन्स २ आणि व्हर्सा ४ यांवर ती सोय काढून टाकण्यात आली. याच्या उलट पेबल पाहा. २०१२ साली अडुसष्ट हजारांहून अधिक लोकांनी एक कोटी डॉलरवर वर्गणी देऊन ते घड्याळ उभे केले. २०१६ मध्ये कंपनी बुडाली, पण तिच्यावर ॲप लिहिणाऱ्यांनी रेबल या नावाने सेवा चालू ठेवली, आणि २०२५ च्या जानेवारीत गूगलने मूळ प्रणालीची संहिताही खुली केली. कंपनी गेल्यावरही वस्तू जिवंत राहिली, ती तिच्यात बाहेरच्यांना प्रवेश होता म्हणून.

हा केवळ हौशी लोकांचा हट्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्वचेच्या रंगाचा विचार करावा. रक्तातील प्राणवायू मोजताना तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर काढतात व स्वयंसेवकांवर बेतलेल्या एका कोष्टकावरून त्याचे टक्क्यांत रूपांतर करतात. ते कोष्टक कोणाच्या त्वचेवर बेतले, यावर सारे अवलंबून असते. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात रुग्णालयातील ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची धोकादायक कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा नजरेआड केल्याचे दिसले. ही रुग्णालयातील उपकरणांची कथा. आपल्याकडे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत त्वचेच्या किती छटा आहेत! त्या मनगटांवरील घड्याळे किती चुकतात हे तपासायचे तर कच्चा संकेत हवा, आणि तोच कुलूपबंद.

कायद्याकडे वळावे तर तेथेही निराशा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात नागरिकाला स्वतःची माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. युरोपात तो त्याच वर्षी अमलात आला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो गाळला गेला, आणि उरला तो माहितीचा 'सारांश' मागण्याचा हक्क. सारांश तर ते रंगीत वर्तुळ रोजच दाखवते!

कंपन्यांचा बचाव ठरलेला असतो. बॅटरी टिकणार नाही, किंमत वाढेल, सुरक्षा धोक्यात येईल. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. कोणतेही ॲप नाडीच्या नोंदी परवानगीविना वाचू लागले तर ते मलाही नको. किमतीचा मुद्दा मात्र टिकत नाही. पाइनटाइम हे खुले घड्याळ २७ डॉलरच्या आसपास मिळते, त्याची कार्यस्मृती अवघी ६४ किलोबाइट आहे, आणि त्याची सर्व प्रणाली कोणीही बदलू शकतो. बँगल.जेएस त्याहून महाग, पण त्यावर ब्राउझरमधून जावास्क्रिप्ट चढवता येते, प्रकाशीय संवेदकाचा कच्चा संकेत मिळतो, आणि बॅटरी दिवसचे दिवस चालते. सुबकपणात ही दोन्ही घड्याळे मार खातात, हे मान्य.

म्हणून मागणी मर्यादित आहे. प्रत्येक घड्याळावर ॲपचे दुकान असलेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. विक्रेत्याने खोक्यावर दोन ओळी छापाव्यात: बाहेरची ॲप चालतात का, आणि कच्च्या नोंदी वापरकर्त्याला मिळतात का. आणि सरकारी निधीतून चालणाऱ्या संशोधनासाठी दुसऱ्या ओळीत 'नाही' असलेले घड्याळ विकत घेऊ नये. त्या दोन विद्यार्थिनींनी शेवटी बँगल.जेएसवर चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून जिन्याचा प्रयोग पुरा केला. आलेख एका घातांकात बसत नाही, दोन लागतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मला अजून ते पटलेले नाही, पण वाद घालायला आता आमच्यापुढे आकडे आहेत.